आमच्या गल्लीचा जननदर

कोतो, टोकियो
२२ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
सुहासचा टोकियोहून वाकून नमस्कार. इथे सगळे सारखे वाकतात, त्यामुळे सवय झाली आहे.

बँकेच्या ओटीपीशिवाय फोन हातात धरायचा नाही ही तुझी प्रतिज्ञा अजून टिकली आहे का? फॅमिली ग्रुपवर तुझं आणि चुलतभाऊ नरेंद्रचं गुलाबजामांवरून वाजलं, आणि त्यापायी सख्ख्या भावाला नातीच्या जन्माची बातमी मला तिकीट लावून कळवावी लागते आहे. तर ऐक. अपूर्वाला सोळा तारखेला मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. नाव नुपूर. जावई धीरज ऑफिसातून रजा काढून घरी आहे आणि लंगोट माझ्यापेक्षा बरे बदलतो.

यांचं घर उंच टॉवरांच्या मागे एका अरुंद गल्लीत आहे. टॉवरांत पोरं भरपूर. आमच्या गल्लीत मात्र जुनी बैठी घरं आणि बहुतेक माणसं माझ्याहून मोठी. तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या बाईला दिवसभरात एक शेंबडं नाक दिसू नये म्हणजे काय, ते तू समज.

इथे गल्लीचं मंडळ असतं. त्याचे अध्यक्ष कुसाका-सान (सान म्हणजे आपलं राव किंवा बाई), वय अठ्ठ्याहत्तर, तांदळाच्या चकत्या भाजून विकतात. नुपूर घरी आली त्या दिवशी ते चकत्यांचा डबा घेऊन दारात आले आणि इतके वाकले की मला वाटलं त्यांचं काही पडलं. धीरजने अर्थ सांगितला. गल्लीच्या टोकाला एक छोटं देऊळ आहे. तिथे दर ५ मेला रडण्याची कुस्ती होते. त्या वर्षी गल्लीत जन्मलेली दोन बाळं समोरासमोर बसवायची, जे आधी रडेल ते जिंकलं. रडणारं मूल वाढतं अशी त्यांच्यात म्हणच आहे. टॉवरमधलं बाळ उसनं आणायचं नाही, ती देवाशी लबाडी होते.

तीन वर्षं कुस्ती झालेली नाही, कारण बाळंच नाहीत. यंदा आमचं एक आहे, पण एकाची कुस्ती होत नाही. कुसाका-सान म्हणाले, "यंदाही नाही झाली तर रिंगणाचे दोर उतरवून ठेवू. माझ्यामागे ते परत बांधणारं कुणी नाही." त्यांना मूलबाळ नाही. म्हातारा हसत हसत सांगत होता, पण मला गलबलून आलं.

टीव्हीवर सांगतात, जपानात एका बाईमागे एक पूर्णांक पंधरा शतांश मुलं. एक मूल कळलं. पंधरा शतांश मूल कसं असतं? तुझी हयात सरकारी सांख्यिकी खात्यात गेली, तेव्हा नीट सांग. आणि आमच्या गल्लीत दुसरं बाळ मिळेल का, तेही काढून दे.

तुझी,
सुहास


पुणे
५ मार्च २०२६

चि. सुहास,
आशीर्वाद. किती ते मोजलेले नाहीत, पण नातीसकट सगळ्यांना पुरावेत.

गुलाबजामांवरून नव्हे, गुलाबजामांच्या सरासरीवरून वाद झाला होता. नरेंद्रने आठ खाल्ले, मी शून्य, आणि तो ग्रुपवर लिहितो की प्रत्येकी चार झाले. असो.

पंधरा शतांश मुलाला हसू नकोस. यंदाच्या, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायका घ्यायच्या. त्यांचे पाच-पाच वर्षांचे गट करायचे. प्रत्येक गटात एका बाईमागे वर्षाला किती बाळं झाली ते काढायचं. मग अशी एक बाई कल्पायची की जी या सगळ्या गटांतून याच गतीने चालत जाईल. तिला एकूण किती मुलं होतील, तो एकूण जननदर. दोनाहून किंचित वर असला की लोकसंख्या टिकते. ती बाई कुठेही राहत नाही, तिला कुणी पाहिलेलं नाही. मी मात्र तिच्याबरोबर चौतीस वर्षं नोकरी केली.

लक्षात ठेव, बाळं अंशात, बायका छेदात. जगातली निम्मी भांडणं छेदात कोण बसतं यावरून होतात. गुलाबजामांचंही तेच झालं.

तुझ्या गल्लीचा दर मी काढून देतो. मला वयासकट बायकांची गणना करून पाठव. अंदाजपंचे दाहोदरसे नको.

आणखी एक. १४ जूनला तुझ्या साठीसाठी हॉल बघून ठेवला होता. पण सदानंद गुरुजी म्हणाले, षष्ट्यब्दीची शांत जोडप्याची असते, विवेकराव नसताना ती बसत नाही. घरातल्या थोरल्या म्हणून विचारलं, तर अरुणावहिनींचंही तेच मत पडलं. मी वाद वाढवला नाही. घरीच चार माणसांत श्रीखंड-पुरी करू.

नातीला पाहून तू रडली असशीलच. लग्न, मुंज, साबणाची जाहिरात, तुला काहीही चालतं. त्या कुस्तीत खरं तर तुलाच बसवायला हवं.

तुझा,
दादा (पंढरीनाथ)


कोतो
२७ मार्च २०२६

ती. दादास,
नमस्कार.

षष्ट्यब्दीचं कळलं. काही हरकत नाही असं लिहिलं होतं, ते खोडून परत लिहिते. हरकत आहे. हे गेल्यापासून दोन वर्षांत आपल्या सोसायटीतल्या एकाही हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही. ज्यांच्या पोरांची नाकं मी पुसली त्या बायका जिन्यात भेटल्या की घाईत असतात. आता साठीतूनही नाव कटलं. आणि तुझ्या छेदात पंधरा ते एकोणपन्नास. म्हणजे तिथेही मी नाही. माझी मोजणी आता फक्त रेशनकार्डावर.

म्हणून मी काय केलं, ऐक. चैत्र लागलाय. मी इथे हळदीकुंकू केलं. मीच यजमानीण. गौर म्हणून अपूर्वाची लहानपणीची बाहुली बसवली. इंडियन स्टोअरमधून फ्रोझन कैरी आणली आणि डाळ केली. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या, अकरा जणी, वेळेच्या पाच मिनिटं आधी. कुंकू लावायला गेले की प्रत्येक बाई डोळे मिटून खाली वाकायची. मीही लावून घेतलं. कुणाला नवरा आहे नि कुणाला नाही, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता गणना. बाईला वय विचारायचं कसं, हा प्रश्न होता. मिनेको-सान म्हणून केस कापणारी आहे, तिने युक्ती सांगितली. इथे वर्षांना आळीपाळीने बारा जनावरांची नावं असतात. 'तुमचं जनावर कोणतं' विचारलं की वय कळतं आणि कुणाला राग येत नाही. ससा, वाघ, कोंबडा, सगळं लिहून घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मी १९६६ सांगितलं. सगळ्यांनी तोंडावर हात धरले. मग खो-खो हसायला लागल्या.

दादा, १९६६ हे अग्निघोड्याचं वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते अशी इथली जुनी समजूत. आपल्याकडे मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या पोरीला सासऱ्यावरून बोलतात ना, तसंच. त्या भीतीने त्या एका वर्षी जपानात कितीतरी लोकांनी मुलंच होऊ दिली नव्हती. बारा जनावरं आणि पाच तत्त्वं जुळत साठ वर्षांनी ते चक्र फिरून येतं, म्हणजे यंदा. आमची नुपूरही अग्निघोडाच. शेजारच्या आजी म्हणाल्या, साठ पूर्ण झाली की माणूस फिरून जन्माच्या वर्षात येतं, म्हणून त्याला बाळासारखं लाल जाकीट आणि टोपी घालतात. त्यांचं जाकीट अजून कपाटात आहे.

तर तुझ्या छेदातल्या बायका तीनच भरल्या. अपूर्वा, एकतीस. मिनेको-सान, चव्वेचाळीस. आणि एक शाळकरी मुलगी, सोळा, जी पूर्ण हळदीकुंकूभर फोनमध्ये होती. बाकी आम्ही सगळ्या छेदाबाहेर, पण डाळ आम्हीच संपवली.

तुझी,
सुहास


पुणे
७ एप्रिल २०२६

चि. सुहास,
आशीर्वाद.

गणना उत्तम. जनावरांची पद्धत आपल्या खात्याला सुचली असती तर निम्म्या बायका एकोणतीस वर्षांच्या निघाल्या नसत्या.

सकाळी आंघोळ करून गणिताला बसलो. सोळाच्या गटात एक स्त्री, बाळं शून्य. चव्वेचाळीसच्या गटात एक, बाळं शून्य. तीस ते चौतीसच्या गटात एक स्त्री, यंदा बाळ एक. म्हणजे त्या गटाचा दर एकास एक. गट पाच वर्षांचा, म्हणून पाचाने गुणायचं. रिकामे गट शून्य धरले.

तुमच्या गल्लीचा एकूण जननदर पाच आहे.

मी तीनदा करून पाहिलं. प्रत्येक स्त्रीमागे पाच मुलं. सुहास, जपान देश एकाच्या वर अडखळतोय आणि तुमची गल्ली पाचावर आहे. असा दर आता जगातल्या थोड्याच देशांत उरलाय. निवृत्तीनंतर इतका आनंद मला पेन्शन लागू झाली तेव्हाही झाला नव्हता. पद्धत संपूर्ण शास्त्रशुद्ध आहे. अध्यक्षांना माझ्या वतीने कळव.

तुझा,
दादा

ता. क. तू लिहिलेलं बाकीचंही वाचलं. त्यावर काय लिहावं सुचलं नाही, म्हणून गणित केलं.


कोतो
१७ एप्रिल २०२६

ती. दादास,
नमस्कार, आणि तुझ्या तोंडात साखर.

पत्र आलं तशीच चपला घालून कुसाका-सानकडे गेले. धीरज ऑफिसात होता, म्हणून तुझा गोल केलेला पाच त्यांना दाखवला. पाच बोटं दाखवली. मग फोनमध्ये बोलले, "या गल्लीत पाच मुलं, माझा भाऊ सरकारी अधिकारी आहे." फोनने ते जपानीत सांगितलं. कुसाका-साननी तो आकडा बोटाने गिरवला. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तुझ्या पत्राला नमस्कार केला.

आता गल्लीत एकच धांदल आहे. त्यांनी बाळांच्या कपाळाला बांधायच्या पाच लाल पट्ट्या शिवून घेतल्या. देवळासमोर फलक लागला, 'यंदा पाच'. रिंगणाचे दोर नवे वळले. सत्तरीचे तीन जण रोज संध्याकाळी माती चोपतात आणि मग एकमेकांची पाठ चोळतात. म्हाताऱ्यांच्या गल्लीला एवढी कामं लागली आहेत की विचारू नकोस.

एक सांग जरा. पाचांतलं एक झालं. बाकीची चार कुणाकडे आहेत? सगळी एकदम येणार नाहीत एवढं मलाही कळतं, पण ५ मेपर्यंत निदान एखादं? माझा संशय मिनेको-सानवर आहे. तिने त्या दिवशी कैरीची डाळ तीनदा मागून घेतली. चव्वेचाळीस म्हणजे फार नाही. मी तिला डिंकाचे लाडू नेऊन दिले. तिने घेतले, पण गोंधळलेली दिसली. लाजली असेल.

अपूर्वा म्हणते, "आई, मामाला नीट विचार." म्हणून विचारते आहे.

तुझी,
सुहास


पुणे
२५ एप्रिल २०२६, तातडीचे

चि. सुहास,

मिनेको-सानला लाडू देणं ताबडतोब थांबव.

पाच मुलं नाहीत. चार कुठेही नाहीत. पाच हा दर आहे. अपूर्वाच्या वयाची गल्लीत एकटी अपूर्वा, तिला झालं एक. ती या गतीने पाच वर्षं दर वर्षी बाळंत होत राहिली तर पाच. ती तशी होणार नाही हे तुला, मला आणि धीरजला माहीत आहे. गणिताला माहीत नाही. चूक माझी नाही, छेदाची आहे. एवढ्याशा छेदावर दर काढू नये हे मी कनिष्ठ कारकुनांना शिकवत आलो, आणि सकाळी आंघोळ करून स्वतः तेच केलं.

याहून वाईट ऐक. संदर्भ काढून पाहिले. जपानचा तो १.१५ काढताना जपानी नागरिकांची बाळं धरतात. आई-बाप दोघं परदेशी असले तर बाळ त्यात येत नाही. म्हणजे त्यांच्या पद्धतीने तुमच्या गल्लीचा दर पाच नव्हे, शून्य. नुपूर पाळण्यात हातपाय झाडते आहे, पण त्या अंशात नाही. आणि तुला छेदातून आधीच काढलंय. आजी-नात दोघीही कागदावर तिथे नाहीत.

तब्येतीचं निमित्त सांग आणि विमानाचं तिकीट अलीकडे घे. फलक लावलेल्या माणसासमोर उभं राहायची वेळ माझ्यामुळे तुझ्यावर आली, याचं मला वाईट वाटतं. तीन दिवस जेवण गोड लागत नाही. फोन करावा असंही एकदा मनात आलं होतं, यावरून काय ते समज.

तुझा,
दादा


कोतो
६ मे २०२६

ती. दादास,
नमस्कार. पत्र एक्सप्रेसने पाठवते आहे, वाचताना बसून घे.

तुझं पत्र आलं तेव्हा कुस्तीला दोनच दिवस होते. तिकीट अलीकडे घेतलं नाही. माझी अब्रू जायचीच होती तर ती समोरासमोर जाऊ दे म्हटलं. धीरजला घेऊन कुसाका-सानकडे गेले आणि सगळं सांगितलं. दर, छेद, कधीच नसलेल्या चार मुलांसकट. धीरजचे कान लाल झाले होते. कुसाका-सान चकत्या उलटत ऐकत होते. एक चकती करपली, ती त्यांनी स्वतःच खाल्ली. मग म्हणाले, "म्हणजे एकच." मी म्हटलं, "एकच. आणि तेही सरकारी आकड्यात नाही."

ते म्हणाले, "मी सरकार नाही. मी गल्ली मोजतो."

मग एकदम त्यांनी विचारलं, "तुमचं जनावर घोडा ना?" मी मान हलवली. "अग्निघोडा. म्हणजे चक्र फिरून तुम्ही यंदा परत जन्मलात. राहता याच गल्लीत. बाहेरून उसनं आणलेलं बाळ नाही." त्यांनी गल्ल्याखालून एक लाल पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. मी धीरजला म्हटलं, यांना सांग मी साठ वर्षांची आहे. धीरज म्हणाला, "आई, ते तेच म्हणतायत."

तर दादा, काल देवळासमोरच्या रिंगणात नात विरुद्ध आजी अशी कुस्ती झाली. पूर्वेला धीरजच्या मांडीवर नुपूर. पश्चिमेला उशीवर मी, अंगात शेजारच्या आजींचं लाल जाकीट, डोक्यावर लाल टोपी, कपाळाला पट्टी. मांडी घालून बसता येईना, म्हणून पाय पुढे पसरले होते. अपूर्वा म्हणाली, त्यामुळे मी जास्तच बाळ दिसत होते. टॉवरमधली पोरं कुंपणावर चढून बघत होती.

कुसाका-सान पंच. ते ओरडायला लागले, "नाके, नाके", म्हणजे रड, रड. मिनेको-सान राक्षसाचा मुखवटा घालून आमच्या तोंडासमोर नाचली. (लाडू तिला आवडले. अजून आहेत का विचारत होती.) आणि मी, साबणाच्या जाहिरातीला रडणारी, मला रडूच येईना. हसू आवरेना. नुपूर माझ्या टोपीकडे बघून बोळकं पसरून हसत होती. कुणीच रडेना. सगळी गल्ली ओरडते आहे आणि दोन्ही पैलवान हसताहेत.

शेवटी कुसाका-सान थांबले. असं झालं तर नावं पुकारायची असतात म्हणे. त्यांनी कागद धरला आणि मोठ्याने वाचलं, "या गल्लीत यंदाचे जन्म. नुपूर. सुहासिनी. एकूण दोन."

'दोन' म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. तो उभा म्हातारा कागद तोंडावर धरून हुंदके द्यायला लागला. ते पाहून माझा बांध फुटला. दादा, हे गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते, तेव्हा माणसांना चहा देण्यात दिवस गेला होता. दोन वर्षं मला कुणी कशात धरलं नव्हतं, आणि इथे भर रिंगणात नाव घेऊन धरलं. माझा गळा ऐकून नुपूर दचकली आणि तिने असा टाहो फोडला की टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. मुखवट्याच्या आत मिनेको-सानही रडत होती, ते नंतर कळलं.

नियमाप्रमाणे आधी रडले ते जिंकले. म्हणजे कुसाका-सान. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी याच रिंगणात ते हरले होते म्हणे. त्यांनी रडणाऱ्या सगळ्यांना पट्ट्या वाटल्या. नुपूर, मी, ते स्वतः आणि मिनेको-सान. पाचवी उरली. ती भारतातल्या सरकारी अधिकाऱ्यासाठी ठेवा म्हणाले, कारण त्यांचा आकडा आला नसता तर आम्ही दोर वळलेच नसते. पण अट आहे, पट्टी रडणाऱ्यालाच मिळते. तुला काही ती मिळायची नाही, तरी घेऊन येते.

१४ तारखेला निघते.

तुझी,
सुहास


व्हॉट्सॲप संदेश. ग्रुप: 'आपलं कुटुंब', सदस्य त्रेचाळीस
१३ मे २०२६

चि. सुहास, हे फक्त तुझ्यासाठी आहे. बँकेच्या कामाला फोन हातात घेतलाच होता म्हणून लिहितो. पत्र काल मिळालं. वाचताना रडलो. किती वेळ ते मोजलं नाही. पट्टी आण, लाल रंग चालेल.

दोन वर्षं तुला कुणी बोलावलं नाही, त्यात मीही आलो. गुरुजी बोलले तेव्हा मी गप्प बसायला नको होतं. आज त्यांच्याकडे जाऊन आलो. १४ जूनचा हॉल परत घेतला आहे. षष्ट्यब्दी नाही, तुझं बारसं करायचं. पाळण्याचं बघतो. गुरुजी म्हणाले, असं शास्त्रात नाही. मी म्हटलं, बारशाला नवरा लागत नाही, तेव्हा तुम्ही फक्त वेळ सांगा. त्यांनी सांगितली. सकाळी साडेदहा.

अरुणावहिनींना मी समजावतो. नरेंद्रला बोलवायचं की नाही ते तू ठरव. बोलावलंस तर गुलाबजाम जास्त सांगावे लागतील.

दादा

(इतर कुणी हे वाचू नये.)